हात मागं

अंजू भित्री आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगत आले आहे, त्यामुळे इथं लिहायला काही हरकत नाही. एसटीत ती कधी खिडकीशी बसत नाही, कारण समोरून ट्रक आला की तिला डोळे मिटून घ्यावे लागतात. रस्त्यात कुत्रं दिसलं की ती माझ्या आडोशाला येते. वर्गात काही विचारायचं असलं तर ती प्रश्न चिठ्ठीवर लिहून माझ्याकडं सरकवते आणि हात वर मी करायचा, असा आमचा करार आहे. त्यामुळे मॅडमना बरेच दिवस वाटत होतं की वर्गात सगळ्यात मठ्ठ मीच.

आमची ओळख कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर झाली. मी तिथल्या शाळेत शिकवते. दर रविवारी आम्ही दोघी एकाच गाडीनं जालन्याला जातो, एम. ए. मानसशास्त्राच्या वर्गाला. मी जाते, कारण सुट्टीच्या दिवशी नवऱ्याच्या मित्रांना चहा करत बसण्यापेक्षा ते बरं. अंजू मात्र ठरवून जाते. तिला अंगणवाडीची पर्यवेक्षिका व्हायचंय. घर धनगराचं. सासरे धुळाजी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन शहागडच्या बाजूला गोदाकाठी उतरतात, ते पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. नवरा गोरक्षनाथ परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरी उरतात त्या तिघी: अंजू, तिची सासू कडूबाई आणि लेक रेणू. रेणूला तेव्हा दोन वर्षं पूर्ण व्हायची होती.

त्या सत्रात आम्हाला विकासात्मक मानसशास्त्राच्या संशोधन पद्धती होत्या. नाव ऐकून वाटतो तेवढा विषय अवघड नाही. लहान लेकराला काय कळतं हे त्याला विचारता येत नाही, म्हणून ते काय करतं ते बघायचं, आणि बघताना आपली लुडबुड मध्ये येऊ द्यायची नाही, एवढंच त्यात शिकवतात. लुडबुड न करणं आपल्याकडं कुणालाच जमत नाही, म्हणून त्याला अख्खं सत्र लागतं.

एका रविवारी सुरेखा मॅडमनी आरशाची चाचणी शिकवली. लेकराच्या नकळत त्याच्या नाकाला लाल ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर सोडायचं. आरशात दुसरंच कुणी लेकरू आहे असं त्याला वाटत असेल तर ते नुसतं हसतं, नाहीतर आरशाला हात लावतं. पण ते आपणच आहोत हे कळलं असेल तर हात स्वतःच्या नाकाकडं जातो. मॅडम म्हणाल्या, दीड ते दोन वर्षांच्या मध्ये बहुतेक मुलांचा हात नाकाकडं जायला लागतो. प्रत्येकानं काही मुलांवर ही चाचणी करून अहवाल द्यायचा होता. अंजू गालातल्या गालात हसली, कारण तिच्या घरात एक लेकरू तयारच होतं.

पुढच्या रविवारी अंजू खिडकीशी बसली. घनसावंगी गेलं, अंबड गेलं, समोरून उसाचे, कापसाचे ट्रक येत राहिले, आणि तिनं एकदाही डोळे मिटले नाहीत. मला आधी वाटलं, बाई सुधारली. मग लक्षात आलं की तिला ट्रक दिसतच नव्हते. तिनं डबा उघडला नाही, एकही चिठ्ठी सरकवली नाही, आणि परतीच्या गाडीत मी काही विचारलं की नुसती मान हलवायची. त्याच्या पुढच्या रविवारी ती आलीच नाही. फोनही उचलेना. मला राग आला. सोमवारी शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या घरी गेले.

घर गावाच्या कडेला, पत्र्याच्या दोन खोल्या. मेंढरं गोदाकाठी गेलेली, त्यामुळे काट्यांच्या कुंपणातली त्यांची जागा रिकामी होती, पण वास तसाच. कडूबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या आणि रेणू त्यांच्या पाठीला लगटून उभी होती. पोरगी गोड. गालावर ही मोठी काजळाची तीट. डोळ्यांत काजळ घालायचं नाही, एवढं अंजूनं शिकल्यापासून सासूशी भांडून मिळवलं होतं. गालावरच्या तिटेला मात्र कडूबाईंनी हात लावू दिला नव्हता. मला बघून त्यांनी सुपडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, सून धड जेवत नाही, झोपत नाही, सारखी लेकराकडं बघत बसते, तुमच्या कॉलेजात असं काय शिकवून राह्यलेत.

अंजूनं मला कुंपणाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं ती कुंपणातली वाळली काडी मोडत राहिली.

"नंदाताई," ती म्हणाली, "माझ्या रेणूला आपण कोण हे समजत न्हाई."

मॅडमनी शिकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच तिनं रेणूच्या नाकाला कुंकू लावून तिला आरशापुढं उभं केलं होतं. रेणू आरशात बघून हसली आणि दोन्ही हात मागं घेऊन उभी राहिली. बस, तेवढंच. अंजूला वाटलं, कुंकू नेहमीचं, म्हणून तिला वेगळं वाटलं नसेल. मग हळद झाली, लिपस्टिक झाली, शाळेतली पोरं वापरतात तो रंगसुद्धा झाला. दरवेळी रेणू बघायची, हसायची, हात मागं घ्यायची. नाकाकडं हात काही जात नव्हता. त्यात पोरगी बोलायलाही मागं. पानी, आजी, बाबा, असे मोजकेच शब्द. मग अंजूनं मोबाईलवर शोधलं आणि तिथं तिला एक शब्द सापडला. तो तिनं माझ्यापुढं उच्चारला नाही. मला तो माहीत होता, मीही उच्चारला नाही.

मी तिला झापलं. म्हटलं, एका चाचणीवरून काही ठरत नाही, आणि आईनं आपल्याच लेकरावर घाबरत घाबरत केलेल्या चाचणीवरून तर मुळीच नाही. रविवारी चल आणि मॅडमना विचार.

"विचारलं अन् त्या हो म्हनल्या तर?" अंजू म्हणाली. "आता कमीत कमी मला एकटीलाच माहीत हाय."

गोरक्षनाथला सांगितलं होतं का? नाही. सासूला? नाही. दुसऱ्या एखाद्या लेकरावर करून बघितलं का, अहवालाला तरी लागतील ना, असं मी विचारलं, तेव्हा तिनं हातातली काडी टाकून दिली. दुसऱ्याचं लेकरू बराबर निघालं तर मग काय उरेल, असं ती म्हणाली. मला हा भित्रेपणा सहन होत नाही. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता धम्मपालकडं चल. मनात माझा हिशेब साधा होता. एवढी एवढी लेकरं, ती काय पुस्तक वाचून वागतात थोडीच. धम्मपालचं पोरगंही काहीतरी भलतंच करेल आणि ही बया शांत होईल.

धम्मपाल ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करतो, घर पलीकडच्या गल्लीत. त्याचा मुलगा रेणूपेक्षाही थोडा लहान. आम्ही कॉलेजचं काम म्हणून सांगितल्यावर त्याच्या बायकोनं हौसेनं भिंतीवरचा आरसा काढून खाली टेकवला. अंजूनं पोराचं नाक पुसल्यासारखं करून कुंकवाचं बोट लावलं. पोराला काही कळलं नाही. ते आरशाकडं धावलं, थबकलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि दोन्ही हातांनी स्वतःचं नाक धरून असं चोळलं की कुंकू सगळ्या तोंडाला झालं. घरातले सगळे हसले. धम्मपालनं कौतुकानं विचारलं, "बराबर केलं का ताई?"

"बिलकुल बराबर, दादा," अंजू म्हणाली. बाहेर आल्यावर तिला स्वतःच्या चपला ओळखू येईनात. मीच तिच्या पायापुढं सरकवल्या.

घरापर्यंत मीच बोलत होते. मुलं कमीजास्त वेगानं वाढतात, काही लाजरी असतात, काही हट्टी असतात, असं परीक्षेत लिहितात तसं काय काय बडबडत होते. खरं म्हणजे मीच घाबरले होते. तोपर्यंत ती भीती अंजूची होती. आता मी स्वतः तिला ओढत नेऊन ती खरी करून दिली होती. रेणूचा तो हसरा चेहरा आणि मागं घेतलेले हात मी बघितलेही नव्हते, तरी ते डोळ्यांसमोरून हलेनात. निघताना मी अंजूला एवढंच म्हटलं की उद्या सकाळी शाळेच्या आधी येते, मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. ती म्हणाली, "या. पण कुनाला सांगू नका."

सकाळी गेले तेव्हा ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. अंजू चुलीपाशी चहा गाळत होती. कडूबाई नातीला न्हाऊ घालून मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शेजारी काजळाची डबी आणि हातभर अंतरावर हंड्याला टेकवलेला छोटा गोल आरसा. गावात घरोघरी सकाळी चालतं तेच चाललं होतं. मी ओट्यावर टेकले.

"हात मागं," कडूबाई म्हणाल्या.

रेणूनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि हनुवटी वर केली. कडूबाईंनी गालावर तीट लावली, एक तळपायाला लावली, मग तिला आरशात तोंड दाखवलं आणि म्हणाल्या, माझी शानी बाय ती. रेणू आरशात बघून हसली. हात मागंच होते.

मी बघत होते आणि मला काही वेगळं दिसत नव्हतं. अंजूची गाळणी मात्र हातातच राहिली.

"आत्याबाई, तुमी तिला आत्ता काय म्हनलात?"

"काय म्हनले? हात मागं म्हनले. न्हाईतर पुसती ना. बारकी व्हती तवा लई पुसायची. हातावर चापट्या मारून मारून शिकवलंय."

अंजू माझ्याकडं वळली. "नंदाताई, धम्मपालदादाच्या घरात तीट लावत न्हाईत."

एवढं ऐकल्यावर कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. धम्मपालचं घर दृष्ट वगैरे मानत नाही, त्याच्या आजोबांनीच ते सगळं घराबाहेर काढलं. त्या पोराच्या तोंडाला जन्मापासून कुणी काही फासलं नव्हतं, म्हणून ठिपका दिसल्याबरोबर ते त्याच्यावर तुटून पडलं. रेणूच्या तोंडाला रोज काहीतरी लागत होतं आणि त्याला हात लावला की चापट बसत होती. आमच्या पुस्तकातल्या लेकरांचे गाल कोरे होते. अंजूनं चाचणी जशीच्या तशी उचलून तिटेच्या घरात आणली आणि लेकराच्या गुणीपणाला खोट समजून बसली. ती स्वतः रोज सकाळी त्याच अंगणात असायची, आणि रोजचं म्हणूनच तिला ते दिसलं नव्हतं.

पण यानं भीती गेली असं कुणी समजू नये. ती वाढली. आत्तापर्यंत अंजूनं मनाची तयारी तरी केली होती. आता आशेला जागा झाली होती, आणि ती आशा खोटीही निघू शकत होती. रेणू हात मागं घेते ती आरशातली आपण आहोत हे ओळखून की नुसती सवयीनं, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. कळायला एकच रस्ता होता. ठिपका लावून जे कळत नाही ते ठिपका काढून कळलं असतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "रेणूची तीट पुसा."

ही मागणी काय होती ते सांगायला हवं. कडूबाईंच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्यांच्या आईनं त्यांचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं म्हणून. गोरक्षनाथच्या आधी कडूबाईंना एक मुलगी होती. परतूरच्या बाजाराला निघायच्या गडबडीत एका सकाळी तिची तीट राहिली, आणि थोड्याच दिवसांत ताप येऊन ती गेली. ताप कशाचा होता ते डॉक्टरला सांगता आलं नाही. कडूबाईंना मात्र पक्कं माहीत होतं. तेव्हापासून या घरातलं लेकरू कोऱ्या गालानं फाटकाबाहेर गेलेलं नाही. मी मास्तरीण आहे, मला हे पटत नाही. पण तो गाल पुसा असं त्या बाईला सांगायची माझी छाती झाली नसती. आणि ते सांगत होती कुत्र्याला भिणारी अंजू.

"येडी झालीस का?" कडूबाई म्हणाल्या. रेणूला त्यांनी छातीशी ओढलं.

तेव्हा अंजूनं मला जे सांगितलं होतं ते सगळं सासूसमोर बोलून टाकलं. "मला वाटून राह्यलंय आपल्या रेणूत कायतरी कमी हाय. कुनाला सांगितलं न्हाई मी. ह्यांना बी न्हाई. तीट पुसून ती आरशात काय करते ते मला बघायचंय. तुमाला भ्या वाटतंय ते मला माहीत हाय, आत्याबाई. मला बी वाटतंय."

कडूबाईंनी नातीच्या तोंडाकडं बघितलं, सुनेच्या तोंडाकडं बघितलं. मग फाटकाकडं नजर टाकली. गल्लीतून कुणीतरी सायकलवरून चाललं होतं.

"मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "दार लावा. अन् तुमी बी लई टक लावून बघू नका."

मी फाटक लावलं. कडूबाईंनी पदर हातात घेतला, तशी अंजू घाईनं म्हणाली की असं नाही, तिला कळता कामा नये. एवढ्या भीतीतही मॅडमचं शिकवलेलं ती विसरली नव्हती. म्हणून मग रेणूला चहात बुडवून बिस्कीट दिलं. तिनं ते खाल्लं, अर्धं तोंडाला फासलं, आणि रोज पुसतात तसं कडूबाईंनी पदरानं तिचं सगळं तोंड पुसून घेतलं. पदराला काळा डाग आला. कडूबाईंनी तो मुठीत धरला. त्यांचे ओठ हलत होते. बिरोबाचं नाव घेत असाव्यात. तीट नसलेला तो गाल उन्हात इतका उघडा वाटत होता की माझ्याही अंगावर काटा आला, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

अंजूनं रेणूला आरशासमोर सोडलं आणि आपण मागं सरकली.

रेणू उकिडवी बसली. तिनं आरशात बघितलं. हसली नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती आरशात बघून हसली नव्हती. ती पुढं झुकली, मान वाकडी करून बघितली. अंजूनं तोंडावर हात दाबून धरला होता. कडूबाईंनी डोळे मिटले होते. रेणूचा हात वर आला. तो आरशाकडं गेला नाही. तो गालाकडं गेला, स्वतःच्या, जिथं तीट असायची बरोबर तिथं. तिनं गाल चाचपला, बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं. बोट स्वच्छ होतं. मग पुन्हा आरशात बघितलं आणि पुन्हा गालाला हात लावला.

मग ती उठली आणि आजीपुढं जाऊन उभी राहिली.

"तीत," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून आम्ही कुणीच ऐकला नव्हता. तिनं दोन्ही हात मागं घेतले आणि हनुवटी वर केली.

अंजू मोठ्यानं रडायला लागली. मीही रडले. कडूबाई डबी शोधत होत्या आणि ती त्यांच्या मांडीशीच होती. झाकण उघडलं, बोटावर काजळ घेतलं, पण डोळ्यांतल्या पाण्यानं त्यांना गाल दिसेना. त्यांनी डबी सुनेपुढं धरली.

"तू लाव," त्या म्हणाल्या. "जल्दी लाव."

तोवर अंजूनं एकदाही स्वतःच्या हातानं लेकीला तीट लावली नव्हती. तिनं डोळे पुसले, काजळ घेतलं आणि बोराएवढी तीट लावली. ती बघून तिचं समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्या गालावर एक लावली. मग रेणूला मांडीवर आडवी घेऊन तिचा राहिलेला तळपायही काळा केला. रेणू हात मागं धरून सगळं करून घेत होती.

सगळं झाल्यावर कडूबाईंनी नातीला दोन्हीकडून नीट न्याहाळलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता उघडा दार."